कँटोनीजमधले दुहेरी अर्थाचे शब्द: नोंदवायचे कसे, तपासायचे कसे, वापरायचे कधी

हाँगकाँग, मकाव किंवा ग्वांगचौला राहायला गेलेली आणि कँटोनीज ही तिथली चिनी भाषा शिकू लागलेली आपली मंडळी सुरुवातीलाच एक यादी जमवतात. माकूल, म्हणजे स्क्विड, कढईत परतणे म्हणजे नोकरीवरून काढणे. विमान सोडणे म्हणजे भेट ठरवून न येणे. लिंबू खाणे म्हणजे प्रेमात नकार मिळणे. यादी पाठ होते, पण वाक्य करायला गेलं की मोडते. ऐकणारा गोंधळतो, हसतो किंवा दुखावतो.

चूक पाठांतरात नसते, नोंदीत असते. आपण शब्द आणि अर्थ एवढंच लिहितो. मराठीत 'त्याला नारळ दिला' म्हटलं की नोकरी गेली हे कळतं, पण 'त्याला दोन नारळ दिले' म्हटलं की तो अर्थ नाहीसा होतो. कोणता भाग हलवता येतो आणि कोणता नाही, हे मराठीत आपल्याला न शिकवता येतं. कँटोनीजमध्ये ते मुद्दाम लिहून ठेवावं लागतं. ते कोणत्या क्रमाने करायचं, ते पुढे सांगतो. क्रम बदलू नका. बहुतेक चुका तिसरी पायरी सोडून थेट सहावीवर उडी मारल्यामुळे होतात.

## तयारी

एक वही घ्या आणि प्रत्येक शब्दासाठी अर्धं पान ठेवा. मोबाईलमधली एका ओळीची टिपणं इथे पुरत नाहीत. पानावर सहा जागा सोडा: उच्चार आणि सूर, शब्दशः अर्थ, लाक्षणिक अर्थ, वाक्याचा साचा, कोणाशी बोलावं, आणि कानांनी ऐकलेलं एक पूर्ण वाक्य.

शब्दकोश कँटोनीजचाच हवा. मँडरिनच्या, म्हणजे प्रमाण चिनीच्या, कोशात कितीतरी शब्द सापडत नाहीत, किंवा सापडतात ते वेगळ्या रूपात. भेट ठरवून न येणाऱ्याबद्दल मँडरिनमध्ये 'कबूतर सोडलं' म्हणतात, कँटोनीजमध्ये 'विमान सोडलं'. वर्ड्स डॉट एचके हा स्वयंसेवकांनी उभा केलेला खुला कोश उदाहरणवाक्यांसह अर्थ देतो. सुरुवात तिथून करावी.

उच्चार लिहिण्यासाठी ज्युतपिंग ही पद्धत शिका. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने ती १९९३ साली ठरवली. अक्षरापुढे १ ते ६ आकडा देऊन सूर दाखवतात. या लेखात देवनागरीपुढे तेच आकडे दिले आहेत.

## पायरी १: आधी उच्चार, मग अर्थ

इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे आणि तो ती वापरत नाही. कँटोनीजमध्ये ब, द, ग हे घोष ध्वनी नाहीत. आहेत ते प आणि फ, त आणि थ, क आणि ख. ज्युतपिंगमधला रोमन बी म्हणजे आपला प, डी म्हणजे त, जी म्हणजे क. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तिथे ब, द, ग म्हणतो आणि सगळं बिघडतं. रोमन झेड म्हणजे 'चाक'मधला च, 'चहा'मधला नव्हे. त्याचाच महाप्राण भाऊ मी छ असा लिहिला आहे. 'फोन'मधला दंतोष्ठ्य फ नुक्ता देऊन फ़ असा लिहिला आहे. नुक्ता नसलेला फ ओठ मिटून म्हणायचा, 'फूल' म्हणताना आजी म्हणते तसा.

ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही देवनागरीत चांगला दिसतो. कय१ म्हणजे कोंबडी, काय१ म्हणजे रस्ता.

सहा सूर असे: १ उंच सपाट, २ उंच चढता, ३ मधला सपाट, ४ खाली उतरता, ५ खालून थोडा चढता, ६ खालचा सपाट. थॉंग१ म्हणजे सूप आणि थॉंग४ म्हणजे साखर, एवढ्यावरून सुराचं मोल कळेल.

सूर सुट्या शब्दाचा लिहू नका, जोडशब्दात ऐकू येतो तोच लिहा. मासा एकटा असताना यू४ असतो, पण माकूल म्हणजे यउ४ यू२. तिथे सूर चढतो. सुटे शब्द कोशातून उचलून जोडणाऱ्यांची नेहमीची चूक हीच.

तपासा: अर्थ न पाहता शब्द सुरासकट म्हणता येतो का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: शब्दशः अर्थ सुट्या अक्षरांसह लिहा

लाक्षणिक अर्थ कळला की शब्दशः अर्थ बहुतेक जण लिहीतच नाहीत. पण तो लागतो, कारण कित्येक शब्दांचे दोन्ही अर्थ रोज वापरात असतात.

से४ वॉंग४ म्हणजे सापांचा राजा. ऑफिसात हा शब्द कामचुकार माणसासाठी आहे. पण हाँगकाँगमध्ये सापाचं सूप विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवरही हाच शब्द दिसतो, आणि तिथे त्याचा कामचुकारपणाशी काही संबंध नाही. तिन६ तंग१ ताम२ म्हणजे विजेचा दिवा. प्रेमी जोडप्यात तिसरा घुसलेला माणूसही तोच, आणि दुकानात दिवा मागायचा तर शब्दही हाच. सॉंग५ छे१ म्हणजे गाडीत चढणे. हाँगकाँगमध्ये पहिलं घर विकत घेण्यालाही तेच म्हणतात. बसथांब्यावर एक अर्थ, घरांच्या जाहिरातीत दुसरा.

याउलट सिक६ सेय२ माउ१, म्हणजे मेलेलं मांजर खाणे, हे शब्दशः अर्थाने कोणी बोलत नाही. आपण न केलेल्या गोष्टीचा दोष माथी येणे एवढाच त्याचा उपयोग.

म्हणून शब्दशः अर्थापुढे एक खूण करा: 'वापरात' किंवा 'फक्त मुळात'. 'वापरात' असलेल्या शब्दांना चौथ्या पायरीच्या चाचण्या लावायच्या आहेत.

## पायरी ३: वाक्याचा साचा उघडून पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

कँटोनीजमधले हे लाक्षणिक प्रयोग बहुतांशी क्रियापद आणि नाम अशा जोडीचे असतात, आणि ही जोडी मधून उघडते. झालेली क्रिया दाखवणारा चॉ२ हा प्रत्यय जोडीच्या शेवटी लागत नाही, क्रियापदाला चिकटून मध्ये बसतो. ज्याच्यावर क्रिया झाली तो माणूसही मध्येच बसतो.

माकूल परतणे म्हणजे छाउ२ यउ४ यू२. मालकाने त्याला काढलं, हे असं होतं:

लोउ५ पान२ छाउ२ चॉ२ खॉय५ यउ४ यू२.

क्रम पाहा: मालक, परतलं, झालं, त्याला, माकूल. 'त्याला' हा शब्द परतण्याच्या आणि माकुलाच्या मध्ये आहे. मराठीच्या सवयीने शिकणारे 'त्याला' आधी आणतात. इंग्रजीच्या सवयीने शिकणारे जोडी अखंड ठेवून 'त्याला' शेवटी टाकतात. दोन्ही चूक.

हाच साचा विमानाला लावा. फ़ॉंग३ फ़ेय१ केय१ म्हणजे विमान सोडणे. 'तो ठरवून आलाच नाही, मला ताटकळत ठेवलं' म्हणायचं तर:

खॉय५ फ़ॉंग३ चॉ२ ङॉ५ फ़ेय१ केय१.

ङॉ५ म्हणजे मी, मला. तो पुन्हा मध्येच. बूट पुसणे म्हणजे छात३ हाय४, अर्थ लोणी लावणे. मालकाला लोणी लावायचं तर छात३ लोउ५ पान२ हाय४, म्हणजे मालकाचे बूट.

आता दिशा. मध्ये कोण बसतो, त्यावरून कोणाचं काय झालं ते ठरतं. मी नोकरी स्वतःहून सोडली, तीही थोड्या तोऱ्यात, तर म्हणतात: ङॉ५ छाउ२ चॉ२ लोउ५ पान२ यउ४ यू२. मालकाचंच माकूल मी परतलं. मला काढलं असेल तर मात्र पेय२ हा शब्द घेऊन कर्मणी रचना करतात आणि माकूल बऱ्याचदा गाळतात: ङॉ५ पेय२ यन४ छाउ२ चॉ२. या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर मुलाखतीत उलटाच इतिहास सांगितला जाईल.

सावधान: माकूल गाळता येतं म्हणून विमान गाळता येत नाही. कोणता तुकडा गळतो हे प्रत्येक शब्दापुढे वेगळं लिहा. नाम तेच ठेवून क्रियापदही बदलू नका. विमानात बसायला ताप३ हे क्रियापद आहे, तेच वापरा. ता२ म्हणजे मारणे, आणि ते क्रियापद विमानाआधी लावलं तर अतिशय अश्लील अर्थ होतो. विमान आणि चुकीचं क्रियापद हा नवशिक्यांचा सर्वांत महागात पडणारा घोटाळा आहे.

तपासा: तुमच्या शब्दात चॉ२ कुठे बसतो, माणूस कुठे बसतो आणि काय गाळता येतं, ही तिन्ही उत्तरं लिहिली का?

## पायरी ४: आत्ता कोणता अर्थ चालू आहे, ते ओळखा

समोरचा बोलतोय ते शब्दशः की लाक्षणिक, हे संदर्भावर सोडून देऊ नका. व्याकरणातच खुणा असतात. या तीन चाचण्या बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात.

होउ२ची चाचणी. होउ२ म्हणजे खूप. तो विशेषणाआधी लागतो. ताय६ वॉक६ म्हणजे मोठी कढई, आणि मोठं संकटही. होउ२ ताय६ वॉक६ म्हटलं तर प्रकरण फार गंभीर आहे, कढईचा संबंध नाही. ताय६ थउ४ हा१ म्हणजे मोठ्या डोक्याची कोळंबी, म्हणजेच विसरभोळा माणूस. खॉय५ होउ२ ताय६ थउ४ हा१ हे माणसाचंच वर्णन. नामाआधी 'खूप' आलं की ते नाम विशेषण झालेलं असतं.

मोजशब्दाची चाचणी. कँटोनीजमध्ये वस्तू मोजताना मध्ये मोजशब्द लागतो. कढई आणि कोळंबी दोन्हीसाठी चेक३. यत१ चेक३ ताय६ वॉक६ म्हणजे खरीच एक मोठी कढई. पाण्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पाणी म्हणजे सॉय२, आणि एक पेला पाणी म्हणजे यत१ पुय१ सॉय२. पण यत१ कउ६ सॉय२, म्हणजे शब्दशः पाण्याचा एक गोळा, ऐकलंत तर ते शंभर डॉलर आहेत. पाण्याचा गोळा होत नाही, म्हणून ते पाणी नव्हे.

मधल्या माणसाची चाचणी. तिसऱ्या पायरीचा साचा इथे उलटा वापरायचा. सिक६ तउ६ फ़ु६ म्हणजे टोफू खाणे. सिक६ ङॉ५ तउ६ फ़ु६, म्हणजे माझा टोफू खाल्ला, असं एखादी बाई रागाने म्हणत असेल तर कोणीतरी तिच्याशी लगट केली आहे. खाद्यपदार्थाच्या वाक्यात अचानक माणूस मध्ये आला की थांबा आणि नीट ऐका.

एक छोटी खूण यात बसत नाही, पण फार कामाची आहे. ङान५ हुंग४ म्हणजे डोळे लाल, अर्थ दुसऱ्याचं चांगलं पाहून पोटात दुखणे. रडून खरोखर लाल झालेले डोळे सांगताना शब्द दुहेरी करतात: ङान५ हुंग४ हुंग४. मैत्रिणीच्या रडलेल्या डोळ्यांबद्दल विचारताना दुसरा हुंग४ विसरलात तर तिला मत्सरी म्हटल्यासारखं होईल.

## पायरी ५: अर्थाची हद्द आखा

लाक्षणिक अर्थ लिहिताना एक मराठी शब्द लिहून थांबू नका. हा अर्थ कुठे लागू होत नाही, ते लिहा.

हाप३ छोउ३ म्हणजे व्हिनेगर चाखणे, मराठीत 'जळणे'. पण मराठीत आपण शेजाऱ्याच्या गाडीवरही जळतो. कँटोनीजमधलं व्हिनेगर प्रामुख्याने प्रेमातल्या मत्सराचं. गाडीसाठी, बढतीसाठी वर सांगितलेले लाल डोळे. सहकाऱ्याच्या पगारवाढीवर तुम्ही व्हिनेगर चाखलंत असं म्हणालात तर ऐकणारा भलताच अर्थ लावेल.

एका शब्दाची गोतावळ असेल तर सगळ्यांना एकच अर्थ चिकटवू नका. पाणी म्हणजे पैसा, हे पॉंग६ सॉय२ म्हणजे पैसे देणे आणि वुय४ सॉय२ म्हणजे पैसे परत करणे, इथे चालतं. छॉय१ सॉय२, पाणी फुंकणे, मध्ये पैशाचा संबंधच नाही. ते नुसतं गप्पा हाणणं, कधी फुशारकी मारणं. सॉय२ फ़ॉ३ म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून आणलेला माल.

परतणे या क्रियापदाचंही तेच. छाउ२पुढे भात आला तर जेवण, शेअर आले तर सट्टा, माकूल आलं तर नोकरी गेली, आणि छे१ म्हणजे गाडी आली तर अपघात.

कढईची गोतावळ मात्र एकसंध आहे, म्हणून ती एकत्र शिका. कढई म्हणजे संकट. मे१ वॉक६, कढई पाठीवर घेणे, म्हणजे दोष अंगावर घेणे. पोउ२ वॉक६, कढईचं भोक बुजवणे, म्हणजे बिघडलेलं निस्तरणे. अपवाद वॉक६ हेय३, कढईचा श्वास. ही मोठ्या आचेवर परतलेल्या पदार्थाच्या खमंग वासाची स्तुती आहे, संकट नव्हे. मेलेलं मांजर आणि पाठीवरची कढई यांतही फरक आहे. मांजर खाणारा निर्दोष असतो, कढई वाहणारा असेलच असं नाही.

तपासा: तुमच्या नोंदीत 'इथे चालत नाही' असं एक तरी उदाहरण आहे का?

## पायरी ६: कोणी कोणाला म्हणायचं

आता पाचवी जागा भरा. तीन गट पुरतात.

पहिला, कुठेही चालणारे. चप१ लप१, टोपली आवरणे, म्हणजे धंद्याने गाशा गुंडाळणे, हे बातम्यांत आणि गप्पांत दोन्हीकडे येतं. कय१ थुंग४ आप३ कॉंग२, कोंबडीचं बदकाशी बोलणं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला काही न कळणं. हे स्वतःबद्दल म्हटलं तर लोक मदत करतात.

दुसरा, ओळखीत चालणारे. माकूल, विमान, लिंबू, दिवा. माकूल गप्पांत बिनधास्त वापरा, पण सेवासमाप्तीच्या पत्रात ते नसतं. तिथे काय२ कु३ हा औपचारिक शब्द येतो.

तिसरा, फक्त समजून घ्यायचे. बूट पुसणारा किंवा सापांचा राजा असं सहकाऱ्याच्या तोंडावर म्हणणं हा अपमान आहे, हसत म्हटलं तरी. हाम४ सप१, खारट-ओलं, म्हणजे लंपट. नव्या माणसाने हा शब्द कोणाला लावू नये. कय१ म्हणजे कोंबडी, पण देहविक्रय करणाऱ्या स्त्रीसाठीही हाच शब्द. जेवणाच्या यादीत तो निर्धोक आहे, बाईबद्दलच्या वाक्यात नाही. कोण चिडलं नाही यावरून गट ठरवू नका, लोक परक्यापुढे चिडणं टाळतात.

अशुभ टाळण्यासाठी बदललेले शब्द मात्र निःशंक वापरा. रिकामं म्हणजे हुंग१, पण ते 'अशुभ'सारखं ऐकू येतं, म्हणून रिकाम्या घराला कत१ उक१, शुभ घर, म्हणतात. डुकराच्या जिभेचा मूळ शब्द तोट्यासारखा ऐकू येतो, म्हणून तिथे नफ्याच्या उच्चाराचा लेय६ आला. भाड्याच्या जाहिरातीत आणि खाटकाच्या दुकानात हेच दिसतील.

## पायरी ७: पहिला सराव चहाच्या टेबलावर

हाँगकाँगच्या छा४ छान१ थेंग१मध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त, घाईच्या उपाहारगृहात, दुहेरी अर्थाचे शब्द सतत कानावर पडतात आणि चुकलं तरी फार तर चुकीचा कप समोर येतो.

सुरुवात चउ२ने करा. रोजच्या बोलण्यात चउ२ म्हणजे निघणे, पळणे. ऑर्डर देताना चउ२ आणि पुढे वस्तू, म्हणजे ती वस्तू नको. चउ२ पिंग१ म्हणजे बर्फ नको, चउ२ छेंग१ म्हणजे कांद्याची पात, कोथिंबीर नको. फ़ेय१ सा१ चउ२ नाय५, वाळू उडाली दूध पळालं, म्हणजे साखर-दूध दोन्ही नको. पण छा४ चउ२मध्ये चउ२ शेवटी आहे, आणि त्याचा अर्थ 'चहा नको' असा नाही. तिथे साखर आणि नेहमीचं आटवलेलं दूध जातं, त्याऐवजी गोड कंडेन्स्ड दूध येतं. जागा बदलली की अर्थ बदलतो, हे एका कपात शिकता येतं.

वेटर आत ओरडतो ते सगळं आपण बोलायचं नसतं. लेंग३ चय२, देखणा पोरगा, म्हणजे त्यांच्या भाषेत पांढरा भात. हांग४ काय१, रस्त्यावर फिरणे, म्हणजे पार्सल. गिऱ्हाईकाने पार्सलला ङॉय६ माय६ म्हणावं. दुकानदार तुम्हालाच लेंग३ चय२ म्हणाला तर भात आणून देणार असं समजू नका, तरुण गिऱ्हाइकाला ती साधी हाक आहे.

शाकाहारी असाल तर चाय१ हा शब्द नीट समजून घ्या. च 'चाक'मधला, अर्थ उपासाचं, शाकाहारी जेवण. ङॉ५ सिक६ चाय१ म्हणजे मी शाकाहारी आहे. पण चाय१चा दुसरा अर्थ 'नुसतं, वर काही न घातलेलं' असा आहे. चाय१ फ़े१ म्हणजे कोरी कॉफी. तांदळाच्या गुंडाळीला चाय१ लावलं असेल तर आत सारण नाही, एवढीच हमी. वरचा सॉस आणि तव्यावरचं तेल याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. पदार्थाच्या नावातल्या चाय१वर विसंबून मागवू नका. ङॉ५ सिक६ चाय१ हे वाक्य आधी म्हणा, मग घटक विचारा.

टेबलावरून उठण्याआधी वहीतली सहावी जागा भरा. आज कानांनी ऐकलेलं पूर्ण वाक्य, कोण कोणाला म्हणालं त्यासकट. ती जागा रिकामी असेल तोवर तो शब्द तुम्ही स्वतः वापरू नका. तुम्ही बोललेलं वाक्य समोरच्याने वेगळ्या क्रमाने परत म्हटलं, तर ती दुरुस्ती समजा आणि तिसऱ्या पायरीच्या साच्यात ती लगेच लिहा. हाँगकाँगचे लोक बऱ्याचदा चूक दाखवत नाहीत, बरोबर वाक्य स्वतः म्हणून पुढे जातात.